टँकरची वही शीटमध्ये: नोंदीचं काम एका बटणावर आणायची रीत

पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावं आली. उंड्री, पिसोळी, वाघोली, सूस अशा त्या भागांतल्या कितीतरी सोसायट्यांत नळाच्या वेळेपेक्षा टँकरवाल्याचा फोन नंबर जास्त पाठ असतो. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर मिळून २९ टीएमसीच्या आसपास पाणी मावतं. धरणं भरल्याचे फोटो पेपरात येतात, आणि इकडे सोसायटीच्या गेटवर टँकर हॉर्न देत उभा असतो.

गेटवर वॉचमनची वही असते. महिना संपला की खजिनदार किंवा सेक्रेटरी ती वही शीटमध्ये उतरवतो आणि पुरवठादाराच्या बिलाशी फेऱ्या जुळवायला बसतो. वहीत एकाच पुरवठादाराचं नाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं असतं. लिटरच्या रकान्यात कुठे 'दहा हजार', कुठे '१०के', कुठे नुसतंच 'मोठा'. बेरीज जुळत नाही, आणि त्याचा जाब सर्वसाधारण सभेत द्यावा लागतो, तोही ज्यांनी वही कधी उघडून पाहिली नाही अशांना.

हे काम गूगल शीट्समध्ये एका बटणावर आणता येतं आणि त्यासाठी कोडची एक ओळही टाइप करावी लागत नाही. शीट्समध्ये २०१८ पासून मॅक्रो रेकॉर्ड करायची सोय आहे. तुम्ही एकदा हाताने जे कराल, त्याची स्क्रिप्ट, म्हणजे पायरीपायरीने लिहिलेल्या सूचना, शीट स्वतः लिहून ठेवतं. मेख एवढीच की मॅक्रो पाठांतर करून आलेल्या मुलासारखा असतो: शिकवलं तेवढं अचूक म्हणतो, पण प्रश्न जरा फिरवून विचारला की गप्प. म्हणून खरी मेहनत रेकॉर्डिंगच्या आधीच्या मांडणीत आहे. तीच क्रिया डोळे झाकून शंभरदा केली तरी बरोबरच ठरेल, अशी शीट आधी लावायची.

फाइल आणि तीन टॅब

फाइल सोसायटीच्या नावाच्या गूगल खात्यावर बनवा, कुणा सदस्याच्या खासगी खात्यावर नको. कमिटी बदलते, सदस्य फ्लॅट विकून जातात, आणि मग जुन्या सेक्रेटरींना 'जरा ॲक्सेस द्या ना' म्हणून गळ घालत बसावं लागतं.

फाइल उघडल्यावर पहिलं काम: फाइल मेनूतल्या सेटिंग्जमध्ये लोकॅल (तारखा-आकडे कुठल्या देशाच्या रीतीने वाचायचे ते) 'इंडिया' आणि टाइम झोन भारतीय वेळेचा आहे ना, ते बघा. लोकॅल अमेरिकेचं असेल तर ०५/०४ म्हणजे ५ एप्रिल नाही, ४ मे धरला जातो. १३ तारखेपासून पुढच्या नोंदी तारीख म्हणून ओळखल्याच जात नाहीत, कारण तेरावा महिना नसतो. हा घोळ महिनाभर लक्षात येत नाही आणि आला की निस्तरायला फार त्रास होतो.

आता तीन टॅब करा आणि नावं द्या: 'नोंद', 'वही' आणि 'याद्या'. ही नावं आत्ताच पक्की ठरवा. रेकॉर्ड केलेली स्क्रिप्ट टॅबला नावाने हाक मारते. पुढे कुणी हौसेने 'वही'चं 'टँकर वही २' केलं की बटण त्याच क्षणी बंद पडतं.

'याद्या' टॅबमध्ये जे जे वारंवार लिहावं लागतं ते एकेका रकान्यात ठेवा: पुरवठादारांची नावं, टँकरची क्षमता लिटरमध्ये, नेहमीच्या टँकरांचे शेवटचे चार आकडे, वॉचमनची नावं. गाडीचा पूर्ण नंबर नको. एमएच १२ आणि एमएच १४ च्या पुढे कोण कुठे जागा सोडतं आणि कोण डॅश देतं यातच निम्मा गोंधळ असतो. शेवटचे चार आकडे पुरतात. त्या रकान्याचं फॉरमॅट आधी 'प्लेन टेक्स्ट' करा, नाहीतर ००४५ चे नुसते ४५ होतात.

याच टॅबमध्ये दोन रकान्यांचं दरपत्रक ठेवा. एफ रकान्यात पुरवठादाराचं नाव, मध्ये डॅश आणि पुढे लिटर, असं सगळं एकाच खान्यात. शेजारी जी रकान्यात त्या फेरीचा दर. नाव आणि लिटर मिळून एकच खूण झाली की दर शोधणं सोपं जातं.

'वही' टॅबच्या पहिल्या ओळीत नऊ मथळे लिहा: तारीख, वेळ, पुरवठादार, टँकर, लिटर, पावती क्रमांक, वॉचमन, दर, नोंदीची वेळ. पहिली ओळ फ्रीझ करा. आता रकान्याच्या अक्षरावर क्लिक करून फॉरमॅट ठरवा: ए ला तारीख, बी ला वेळ, डी ला प्लेन टेक्स्ट, आय ला तारीख-वेळ. हे टाळलंत तर तारखेच्या जागी ४५६५८ असला आकडा दिसण्याची शक्यता असते. घाबरू नका, ती तारीखच आहे. शीट्स ३० डिसेंबर १८९९ पासून दिवस मोजतं आणि ४५६५८ वा दिवस म्हणजे १ जानेवारी २०२५. पण कमिटीला हे समजावत बसण्यापेक्षा फॉरमॅट आधी लावलेलं बरं.

नोंदीचा फॉर्म

'नोंद' टॅबमध्ये ए२ ते ए८ या खान्यांत एकाखाली एक सात नावं लिहा: तारीख, वेळ, पुरवठादार, टँकर, लिटर, पावती क्रमांक, वॉचमन. उत्तरं शेजारच्या बी२ ते बी८ मध्ये भरायची. पुरवठादार, टँकर, लिटर आणि वॉचमन या चार खान्यांना डेटा मेनूतून डेटा व्हॅलिडेशनचा ड्रॉपडाउन लावा, यादी 'याद्या' टॅबमधून घ्या आणि यादीबाहेरचं काही टाकलं तर नाकारायचा पर्याय निवडा. बी५ ला प्लेन टेक्स्ट करायला विसरू नका.

लिटरला ड्रॉपडाउन लावण्यामागे आणखी एक कारण आहे. कीबोर्ड मराठीवर राहिला आणि कुणी देवनागरी आकड्यांत क्षमता टाइप केली, तर शीट त्याला संख्या न मानता अक्षरं मानू शकतं आणि बेरजेतून गुपचूप वगळतं. ओळखायची सोपी खूण: फॉरमॅटला हात लावलेला नसेल तर संख्या खान्यात उजवीकडे चिकटते, अक्षरं डावीकडे.

आता या सगळ्या मांडणीतला कळीचा भाग. फॉर्म उभा आहे आणि वही आडवी. उभं आडवं करून पेस्ट करता येतं, पण शीट्सच्या मेनूत 'फक्त व्हॅल्यू' आणि 'आडवं करा' ही दोन्ही कामं एका फटक्यात होत नाहीत. म्हणून 'नोंद' टॅबमध्येच खाली, बाराव्या ओळीत, पाठवायची ओळ तयार ठेवा. ए१२ मध्ये बरोबरचं चिन्ह आणि बी२, बी१२ मध्ये तसंच बी३, असं करत जी१२ पर्यंत या. एच१२ मध्ये दर आणायचा: खूण शोधून तिच्या शेजारचं उत्तर आणणारा व्ही-लूकअप फॉर्म्युला घ्या, शोधायची खूण म्हणून बी४, डॅश आणि बी६ अँपरसँडने (& या चिन्हाने) जोडा, शोधायची जागा याद्या टॅबचे एफ आणि जी रकाने, दुसरा रकाना, आणि शेवटी शून्य. ते शून्य म्हणजे तंतोतंत जुळलं तरच दर दे. आय१२ मध्ये नाऊ फॉर्म्युला, म्हणजे नोंद केव्हा केली ते कळेल. एक जपा: बाराव्या ओळीला प्लेन टेक्स्ट फॉरमॅट देऊ नका, नाहीतर फॉर्म्युला चालण्याऐवजी जसाच्या तसा लिहिलेला दिसेल.

वहीत मात्र फॉर्म्युला जाऊ द्यायचा नाही, त्याचं उत्तर तेवढं जाऊ द्यायचं. एप्रिल-मे मध्ये पुरवठादार दर वाढवतो आणि तुम्ही दरपत्रक बदलता. वहीत फॉर्म्युला असेल तर त्या क्षणी जानेवारीच्या फेऱ्याही नव्या दराने दिसू लागतील, आणि चुकते केलेले हिशेब पुन्हा उसवतील.

फॉर्मच्या शेजारी डी२ मध्ये एक राखणदार बसवा. काउंट-ए फॉर्म्युलाने बी२ ते बी८ मधले भरलेले खाने मोजायचे. सात भरले तर 'ठीक', नाहीतर 'अपुरी'. त्याखाली डी३ मध्ये काउंट-इफ्स: वहीच्या सी रकान्यात हाच पुरवठादार आणि एफ रकान्यात हाच पावती क्रमांक आधीच असेल तर 'ही पावती आधीच आहे'. कंडिशनल फॉरमॅटिंगने चुकीच्या वेळी दोन्ही खाने लाल करा. एकच पावती दोनदा बिलात लागणं हा प्रकार वाटतो तितका दुर्मिळ नाही. केवळ या एका खान्यासाठीसुद्धा हा खटाटोप करण्यासारखा आहे.

रेकॉर्डिंग

आधी फॉर्ममध्ये एक खोटी नोंद पूर्ण भरा. वहीची दुसरी ओळ रिकामी असली तरी चालेल. मग एक्स्टेन्शन्स मेनूतून मॅक्रोज आणि तिथे रेकॉर्ड मॅक्रो. खाली छोटी पट्टी उघडते, त्यात 'अब्सोल्यूट रेफरन्सेस' निवडलेलं हवं, म्हणजे मॅक्रो नेमक्या त्याच खान्यांत जाईल. दुसरा पर्याय निवडलात तर कर्सर जिथे असेल तिथून मोजणी सुरू होते आणि नोंदी भलतीकडे पडतात. आता घाई न करता या क्रमाने:

१. 'वही' टॅबवर जा, ए२ वर क्लिक करा, ओळीच्या क्रमांकावर राइट क्लिक करून वर एक ओळ घाला.
२. 'नोंद' टॅबवर या, ए१२ ते आय१२ निवडा, कॉपी करा.
३. पुन्हा 'वही', ए२ वर क्लिक, आणि कंट्रोल-शिफ्ट-व्ही. याने फक्त व्हॅल्यू पेस्ट होतात.
४. 'नोंद' टॅबवर परत, बी२ ते बी८ निवडून डिलीट.
५. बी२ वर क्लिक करा, म्हणजे पुढच्या नोंदीसाठी कर्सर जागेवर असेल.
६. पट्टीवर सेव्ह दाबा. नाव इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता द्या. शॉर्टकटला १ हा आकडा द्या. मग कंट्रोल-ऑल्ट-शिफ्ट-१ ने हेच काम होतं.

नवी ओळ शेवटी न घालता मथळ्याखाली का? कारण 'शेवटची रिकामी ओळ' दर वेळी वेगळी असते आणि रेकॉर्ड केलेला मॅक्रो ती शोधू शकत नाही. दुसरी ओळ मात्र कायम दुसरीच असते. ताजी नोंद सर्वांत वर दिसते, हा वरचा फायदा. ऑडिटरला जुनी आधी हवी असेल तर फिल्टर व्ह्यू करून तारखेने लावून द्या, मूळ क्रम हलवू नका.

तारखेच्या खान्यात टुडे फॉर्म्युला ठेवायचा मोह होतो, तो टाळा. कालची वही आज उतरवायची असेल तर तारीख चुकते, आणि पाचव्या पायरीआधी डिलीट होताना फॉर्म्युलाही पुसला जातो. कंट्रोल आणि अर्धविराम दाबलं की आजची तारीख येते, तेवढं पुरे.

बटण आणि ती भीतीदायक खिडकी

इन्सर्ट मेनूतून ड्रॉइंग घ्या, एक चौकोन काढून त्यात 'जमा करा' लिहा, सेव्ह करा. शीटवर आलेल्या चौकोनाच्या तीन टिंबांवर क्लिक करून 'असाइन स्क्रिप्ट' निवडा आणि मॅक्रोला दिलेलं नाव तंतोतंत टाका. कंस वगैरे काही नको.

पहिल्यांदा बटण दाबल्यावर गूगल परवानगी मागतं. हे ॲप गूगलने तपासलेलं नाही, अशी सूचना आली तर बहुतेक जण तिथेच माघार घेतात. स्क्रिप्ट तुमच्याच फाइलमधली आहे, ती अर्थातच गूगलने तपासलेली नसते. 'ॲडव्हान्स्ड' वर जाऊन पुढे जा आणि परवानगी द्या. रेकॉर्ड केलेल्या मॅक्रोच्या फाइलच्या डोक्यावर 'ओन्ली करंट डॉक' अशी एक टीप असते. तिच्यामुळे स्क्रिप्टची मागणी फक्त या एका शीटपुरती राहते, तुमच्या मेलला किंवा ड्राइव्हमधल्या इतर फाइलींना ती हात लावत नाही. मात्र कुणी दुसऱ्याने पाठवलेल्या शीटमध्ये अशीच खिडकी आली, तर मागितलेल्या परवानग्यांची यादी नीट वाचल्याशिवाय हो म्हणू नका. परवानगी दिल्यावर बटण पुन्हा एकदा दाबावं लागतं. प्रत्येक वापरणाऱ्याला हे आपापल्या खात्यावरून एकदा करावं लागतं.

हमखास नडणाऱ्या गोष्टी

महिन्याच्या बेरजेसाठी तुम्ही सम-इफ्स (अटी लावून बेरीज करणारा फॉर्म्युला) वापराल आणि सवयीने एच२ पासून एच५०० पर्यंत असा पट्टा द्याल. इथे तो चालत नाही. मॅक्रो दर वेळी दुसऱ्या ओळीच्या वर नवी ओळ घालतो, म्हणून तो पट्टा आपोआप एच३ पासून, मग एच४ पासून असा खाली सरकतो. नव्या नोंदी बेरजेबाहेर राहतात आणि एकूण आकडा आहे तिथेच अडकतो. पूर्ण रकाना द्या, एच ते एच. मथळा बेरजेत येत नाही, कारण तो संख्या नाही. डी३ मधल्या काउंट-इफ्सलाही हाच नियम. महिना ठरवताना दोन अटी लावा: तारीख १ च्या बरोबर किंवा पुढची, आणि पुढच्या महिन्याच्या १ च्या आधीची.

वहीला कुलूप लावून फक्त स्वतःला हक्क ठेवलात तर बाकी कुणाचं बटण चालणार नाही, कारण स्क्रिप्ट बटण दाबणाऱ्याच्या हक्काने चालते. त्याऐवजी प्रोटेक्ट शीटमध्ये 'बदल करताना फक्त इशारा दाखवा' हा पर्याय घ्या, तोही रेकॉर्डिंग झाल्यावर. कुणी तरीही काही उडवलंच, तर फाइल मेनूतली व्हर्जन हिस्टरी आहे. कोणी केव्हा काय बदललं ते तिथे दिसतं, नावासकट.

फॉर्ममध्ये नवा खाना घालायचा असेल तर मॅक्रो पुन्हा रेकॉर्ड करा. जुन्याला ठिगळ लावण्यापेक्षा नवा लवकर होतो.

अपुरी नोंद अडवायची असेल तर

डी२ लाल झाला तरी बटण दाबता येतं. आतापर्यंतची मांडणी सावध करते, अडवत नाही. अडवायचं तर स्क्रिप्टमध्ये दोन-चार ओळी वाढवाव्या लागतात. एक्स्टेन्शन्समधून ॲप्स स्क्रिप्ट उघडा. तुमच्या नावाचं फंक्शन दिसेल. इंग्रजी जुजबी येत असलं तरी या टॅबवर जा, हा खाना निवडा, इथे पेस्ट कर, असा त्याचा अर्थ लागतो. ते पूर्ण कॉपी करून चॅटजीपीटी किंवा जेमिनीला द्या आणि मराठीतच सांगा:

'ही गूगल शीट्सची रेकॉर्ड केलेली स्क्रिप्ट आहे. सुरुवातीला एवढंच वाढव: नोंद टॅबच्या डी२ मध्ये "ठीक" नसेल किंवा डी३ रिकामा नसेल, तर मराठीत सूचना दाखव आणि काहीही न करता थांब. दोन जणांनी एकाच वेळी बटण दाबलं तर एकाचं पूर्ण होईपर्यंत दुसऱ्याला थांबव. बाकी एकही ओळ बदलू नको. फंक्शनचं नाव तेच ठेव.'

शेवटची दोन वाक्यं महत्त्वाची. ती नसली तर हे सहायक उत्साहाने सगळंच नव्याने लिहून देतात. आलेली स्क्रिप्ट जुन्याच्या जागी पेस्ट करून सेव्ह करा, पण आधी फाइलची एक प्रत काढून तिच्यावर तपासा: एक खाना रिकामा ठेवून, एक पावती मुद्दाम दोनदा टाकून. आणि मदत मागताना स्क्रिप्ट तेवढीच द्या, रहिवाशांची नावं-नंबर असलेली शीट नको.

फोन आणि एक्सेल

शीट्सच्या मोबाइल ॲपमध्ये ड्रॉइंगचं बटण चालत नाही. वॉचमनने गेटवरूनच नोंद करावी असं वाटत असेल तर मॅक्रोचा नाद सोडा आणि गूगल फॉर्म द्या. उत्तरं आपोआप शीटमध्ये जातात. फॉर्मची उत्तरं स्वतःच्या वेगळ्या टॅबमध्ये राहू द्या, 'वही'त मिसळू नका. माझ्या मते वॉचमनची कागदी वही तरीही चालू ठेवावी. रात्री दोनला टँकर येतो तेव्हा नेटवर्क असेलच असं नाही, आणि टँकरवाल्याची सही कागदावरच मिळते.

एक्सेलमध्ये हीच मांडणी डेव्हलपर टॅबमधल्या रेकॉर्ड मॅक्रोने होते, तीन फरकांसह. फाइल मॅक्रो चालणाऱ्या एक्सएलएसएम प्रकारात सेव्ह करावी लागते. घातलेली ओळ वरच्या मथळ्याचा ठळकपणा आणि रंग उचलते, तो रेकॉर्डिंगमध्येच काढून टाका. आणि मॅक्रो चालल्यावर कंट्रोल-झेडने मागे जाता येत नाही.

जुन्या वह्यांतला अनुशेष मात्र या बटणाने भरू नका. तो थेट 'वही' टॅबमध्ये रकान्यांप्रमाणे टाइप करा किंवा सोडून द्या आणि १ तारखेपासून नवी सुरुवात करा. ३१ मार्चला फाइलची प्रत काढून जुनीला वर्षाचं नाव द्या आणि नव्या प्रतीतल्या वहीच्या ओळी मथळा सोडून पुसा. स्क्रिप्ट आणि बटण प्रतीबरोबर येतात. परवानगी तेवढी सगळ्यांना नव्याने द्यावी लागते.